सहावं रीळ

आमची पहिली भेट धडकेनेच झाली. मी दोन्ही हातांत फिल्मचे पत्र्याचे डबे घेऊन जिना उतरत होते आणि तो सरळ माझ्या अंगावर आला. डबे गडगडत खाली गेले, माझा पारा वर गेला.

"डोळे फुटलेत का?" मी ओरडले.

"अजून नाही," तो म्हणाला आणि हसला. इतकं छान हसला की... जाऊ दे.

तुम्हाला आत्ताच सांगून टाकते — त्याची दृष्टी जात होती. मला तेव्हा ते माहीत नव्हतं, पण तुम्हाला माहीत असू दे. आधीच का सांगितलं, ते पुढे तोच सांगेल.

जुन्या चित्रपटांच्या संग्रहालयात मी रिळं तपासते. फाटलेल्या कडा जोडायच्या, बुरशी पुसायची, आंबूस वास सुटलेली फिल्म वाचवायची. तो कॉलेजात सिनेमा शिकवायचा, म्हणून मी त्याला मास्तर म्हणू लागले. त्याच्यासाठी मी तपासनीसबाई. एका जुन्या कृष्णधवल थरारपटावर त्याला लिहायचं होतं. सहा रिळांचा सिनेमा, एकच प्रत उरलेली, ती आमच्याकडे. रोज दुपारी माझ्या टेबलावरच्या वीतभर पडद्यावर आम्ही तो मागे-पुढे करत बघायचो.

गोष्ट साधी. एक घड्याळजी बायकोला मारायला साखरेच्या डब्यात विष कालवतो. आपल्याला ते पहिल्याच रिळात दिसतं. तिला दिसत नाही.

"हा काय मूर्खपणा!" मी म्हणाले. "सगळं आधीच सांगितलं तर उरलं काय?"

"भीती उरली, बाई. खुनी शेवटी कळला तर आपण एकदाच दचकतो. आधी कळला तर तासभर जीव टांगणीला. बघा... आता ती चमचा उचलेल..."

ती चमचा उचलायची — आणि दारावरची घंटा वाजायची. मी नकळत त्याची बाही घट्ट धरलेली असायची.

"शेजारीण आली," तो हळूच म्हणायचा. "थरारपटाचा नेहमीचा डाव. खोटी सुटका. आता बाही सोडलीत तरी चालेल."

"आणि नाही सोडली तर?"

"तर... तेवढा तुकडा पुन्हा बघू या."

मग मी चहा करायचे.

"साखर?"

"तुमच्या हातची? या सिनेमानंतर? छे!"

तो फिकाच प्यायचा. कप उचलण्याआधी त्याचा हात टेबलावर चाचपडायचा. मला वाटे, वेंधळा आहे. रोज तो पडद्याच्या बोटभर जवळ सरके. मला वाटे, माझ्याजवळ सरकतोय. प्रेम आंधळं असतं म्हणतात ते काही खोटं नाही. पाचला त्याची मोठी ताई न्यायला यायची आणि मी चिडवायचे, "चला, शाळा सुटली!"

त्याला सगळ्यात हवं होतं ते सहावं रीळ. लहानपणी दोघा भावंडांनी हा सिनेमा एकदाच पाहिला होता. शेवटी बायको स्वतःच्या हाताने नवऱ्याच्या कपात साखर घालते आणि त्याच्याकडे बघते. ताई म्हणे, तिला विषाचं माहीत होतं. हा म्हणे, नव्हतं. तीस वर्षं वाद चालला होता.

"तिची नजर आधी कुठे जाते, तेवढंच मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय," तो म्हणायचा.

ते रीळ आकसलेलं होतं, कडेची भोकं फाटलेली. मी चार दिवसांत दुरुस्त केलं. आणि थंड खोलीत ठेवून दिलं. "अजून सुकतंय," रोज सांगायचे. रीळ संपलं की मास्तर यायचा थांबणार, एवढंच माझ्या डोक्यात. असं मी ते अठरा दिवस सुकवलं.

एका दुपारी ताई लवकर आली. तो आत कप विसळत होता. तिने मला बाजूला घेतलं.

"अगं, किती सुकायचंय अजून? डॉक्टरांनी महिना सांगितला होता, त्यातले पंचवीस दिवस गेले. काल जेवताना मला विचारलं त्याने, दिवा लावलास का. लावलेला होता गं."

"कसला महिना?"

"त्याच्या डोळ्यांचा..." ती थबकली. "सांगितलं नाही ना तुला? मलाही सांगू नको म्हणाला. म्हणे, ती हसायची थांबेल."

मी पळत थंड खोलीत गेले, गार डबा छातीशी धरून बाहेर आणला. पण गार फिल्म लगेच उघडली तर तिला पाणी सुटतं. दिवसभर बाहेर ठेवावीच लागते. या वेळी खरंच थांबायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रीळ लावलं. पडद्याला नाक टेकेल इतका तो वाकला. बराच वेळ तसाच राहिला.

"सगळं करडं दिसतंय," तो म्हणाला. "तपासनीसबाई... तुम्हीच सांगा."

मी एकेक चौकट पुढे सरकवली. "तिने चमचा भरला... नवऱ्याला घाम फुटलाय. ती आधी डब्याकडे बघते. मग त्याच्याकडे. पापणीसुद्धा लवत नाही. तिला माहीत आहे, मास्तर."

"म्हणजे ताई जिंकली."

"रीळ अठरा दिवसांपूर्वीच तयार होतं," मी म्हणाले. "मी लपवलं. तुम्ही येत राहावं म्हणून... तुम्ही मला फार आवडता म्हणून."

प्रेम असं सांगायचं नसतं. पण माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

तो उठला, भिंत चाचपत दारापर्यंत गेला. मी हात पुढे केला, तो त्याने बाजूला सारला.

नऊ दिवस आला नाही. मी कामाला हात लावायचे आणि तसाच काढून घ्यायचे. दहाव्या दिवशी ताईने त्याला दारात सोडलं आणि ती बाहेरच थांबली. त्याच्या हातात पांढरी काठी. मोजून पावलं टाकत तो खुर्चीपर्यंत आला.

"त्या अठरा दिवसांत मला ते दिसलं असतं."

"हो."

"फार राग आलाय मला. लवकर जायचा नाही तो."

"बरं."

"पण घरी बसून तो सिनेमा आठवतो ना... तेव्हा तू बाही धरतेस, तेच आधी आठवतं." काठीची मूठ तो कितीतरी वेळ फिरवत राहिला. "चहा करतेस?"

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणत होता. मी चहा केला आणि सवयीने फिकाच कप त्याच्यापुढे ठेवला.

"साखर?" त्याने विचारलं.

"तुम्ही घेत नाही."

"दोन चमचे," म्हणत त्याने कप माझ्याकडे सरकवला. "तूच घाल."

मी घातली, ढवळली आणि कप त्याच्या हातात दिला. तो सगळा प्याला.