पाच शब्दांची चाचणी

"गोट्या, पलंग उचल! ताई, तू खाली बघ!" चिमणीचा आवाज रडवेला झाला होता.

"तीनदा बघितलं गं! माझा हरवलेला मोजा तेवढा सापडला," तिचा मामेभाऊ गोट्या म्हणाला.

सुट्टीत मामाकडे आलेल्या चिमणीचा छोटा रेकॉर्डर नाहीसा झाला होता. तिची आई जहाजावर इंजिनिअर होती. निघण्यापूर्वी तिने त्यात एक लांबलचक गोष्ट सांगून ठेवली होती. दुपारी सगळे आडवे झाले, की चिमणी तो कानाला लावायची. गोष्ट कधीच पाठ झाली होती. तिला हवं असायचं ते मध्येच आईचं खोकणं आणि "थांब हं, पाणी पिते" म्हणणं.

"त्या रंगाऱ्याशिवाय खोलीत गेलंय कोण?" मामी करवादली. "उद्यापासून येऊ नका म्हणते त्यांना!"

दारातल्या रंगारीकाकांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मामाने वर्तमानपत्रात तोंड खुपसलं.

"आई, जरा दम धर! आधी आम्ही सगळ्यांची चाचणी घेणार," गोट्याची मोठी बहीण, ताई, म्हणाली. तिने दोघांना गॅलरीत ओढलं. "मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचलंय मी. नुसता घाबरला म्हणून कुणी चोर ठरत नाही. पण फक्त चोरालाच ठाऊक असलेली गोष्ट कानावर पडली, की तो दचकतो. अशी काही गोष्ट आहे?"

"आहे!" चिमणी कुजबुजली. "रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून काल मी रेकॉर्डर कानटोपीत लपवला होता. कुणालाच सांगितलं नव्हतं!"

झालं! स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चाचणी सुरू झाली. ताईने नाडी धरायची, चिमणीने शब्द म्हणायचे, समोरच्याने ते परत म्हणायचे. डबा, उशी, कानटोपी, बूट, पिशवी.

रंगारीकाकांची नाडी पहिल्यापासूनच धावत होती, पण प्रत्येक शब्दाला सारखीच! मामी तर "बूट"ला फिसकन हसली.

"आता मामा!"

"मी? बरं, घ्या!" मामाने ऐटीत मनगट पुढे केलं. "डबा... उशी..."

"कानटोपी," चिमणी म्हणाली.

"का... कानटोपी."

ताईने भुवया उंचावल्या. चिमणीने क्रम बदलला. पुन्हा त्याच शब्दाला मामा अडखळला!

"बाबा, घामाघूम झालात की!" गोट्या ओरडला.

"मामा, एवढ्याने काही सिद्ध होत नाही," चिमणी हळूच म्हणाली. "म्हणून तुलाच विचारते. रेकॉर्डर कुठे आहे, तुला ठाऊक आहे ना?"

मामाने मान खाली घातली. "ती माझी धाकटी बहीण आहे गं. किती दिवसांत तिचा आवाज ऐकला नव्हता. तू झोपलीस तेव्हा शोधून कानटोपीतून काढला, आणि पडला हातातून. दुरुस्तीला दिलाय. गुपचूप परत ठेवणार होतो."

"आणि तोवर माझ्यावर आळ?" रंगारीकाकांनी विचारलं.

मामा उठला. "चुकलंच माझं. माफ करा मला." मामीनेही हात जोडले.

"पोरांनी लाज राखली माझी," काका म्हणाले. "हुशार आहेतच, पण न्यायाने वागली!"

संध्याकाळी रेकॉर्डर घरी आला. आवाज किंचित खरखरत होता, पण आईचाच होता! मामा दाराशी अवघडून उभा राहिला. चिमणीने गोष्ट सुरुवातीपासून लावली आणि सरकून पलंगावर त्याच्यासाठी जागा केली.