टोक नसलेल्या पट्ट्या

"चकाकणारं काय बी द्या! बाटल्यांची टोपणं, वेफरची पाकिटं, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या!"

विजयसिंह गल्लीतून ओरडत चालला होता आणि त्याच्यामागे पोतं ओढत धनश्री. तालुक्याच्या चर्चमधलं नाताळचं झाड यंदा गावातली पोरं घरातल्या टाकाऊ वस्तूंनी सजवणार होती. ही कल्पना आरोग्य उपकेंद्रातल्या संगीता सिस्टरांची. दिवाळीनंतर बदलून आलेल्या सिस्टरांची मुलगी प्रियदर्शनी धनश्रीच्याच वर्गात होती.

धनश्रीचं मन मात्र कशातच नव्हतं. तिच्या धाकट्या भावाला, बजरंगला, आठवड्यात तीनदा फिट आली होती. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेले. जाताना आईनं गोळ्यांचा डबा तिच्याच हातात दिला होता. धनश्रीनं एकही गोळी चुकवली नव्हती, पण ऐकतो कोण? आजी चतुराबाई उठता-बसता म्हणे, "खेळाच्या नादात इसरती ही पोरगी. पोरगं हातचं जाईल तवा डोळे उघडतील." काल तिनं फोनवर आईलाही तेच सांगितलं. पलीकडून आई नुसती रडली. तेव्हापासून धनश्रीला घास गोड लागेना.

गल्लीतल्या मुक्ताबाईंनी तर भरलेला डबाच आणून दिला. त्यांचे यजमान राधाकिशनआबा भादव्यात छातीत कळ येऊन गेले होते. "ह्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या हायत. टाकवल्या न्हाईत गं मला," त्या म्हणाल्या.

उपकेंद्राच्या ओट्यावर काम सुरू झालं. सिरपच्या टोपणांच्या घंटा झाल्या, फुटक्या बांगड्यांच्या माळा झाल्या. पट्ट्यांच्या चंदेरी कागदाच्या चांदण्या प्रियदर्शनी करत होती.

"तुझी चांदणी हाय का बेडूक?" विजयसिंह म्हणाला.

"तुझ्या घंटेपेक्षा बरी. ती तर तुझ्यावानी नुसती खडखड करती."

बजरंग खळ हाताला फासून हसत होता. हसता हसताच त्याचे डोळे फिरले आणि तो धाडकन खाली पडला. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. आजी धावत आली, हातात फोडलेला कांदा.

"कांदा नको, आजी. तोंडात काही घालू नका," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी त्याला कुशीवर वळवलं आणि घड्याळात बघत बसल्या. पाच मिनिटं झाली तरी झटके थांबेनात. मग जीप बोलावून त्याला अंबाजोगाईच्या दवाखान्यात हलवलं. सिस्टरांसोबत आजीही गेली. जीपमध्ये चढताना ती धनश्रीकडे बघून एवढंच म्हणाली, "झालं समाधान?"

दुपारी सिस्टर परत आल्या तेव्हा धनश्री ओट्यावरच होती. "शुद्धीवर हाय. पण नीट बोलंना अजून," त्या म्हणाल्या. "खरं सांग बाळा, गोळ्या चुकल्या का?"

धनश्री घरी पळाली आणि कंपासपेटी घेऊन आली. पेटीत बजरंगच्या सगळ्या रिकाम्या पट्ट्या होत्या. आपल्यावर कुणाचा विश्वास नाही, म्हणून तिनं एकूण एक जपून ठेवली होती.

सिस्टरांनी एक पट्टी उचलली, दुसरी उचलली. "ह्यांची टोकं कुठंयत? औषध कधीपर्यंत चालतं ती तारीख टोकावर असती."

विजयसिंहानं पोतं उपडं केलं. गावात कुणी अख्खी पट्टी घेतच नसे. दोन दिवसांच्या चार गोळ्या कापून घ्यायची सगळ्यांची सवय. पण इतक्या घरांच्या पट्ट्यांत एकाही तुकड्यावर तारीख नसावी? मुक्ताबाईंच्या डब्यातही नव्हती. सगळ्या पट्ट्या एकाच दुकानातल्या, आप्पारावांच्या.

"मग टोकं त्यांच्याकडंच असणार," प्रियदर्शनी म्हणाली.

"मागायला गेलो तर देतील व्हय?" विजयसिंह म्हणाला.

धनश्रीनं कंपासपेटी मिटली. "देतील. कौतुक केलं की ते काय बी देतात."

तिघं दुकानात गेली. "काका, चर्चच्या झाडाला तुमच्या दुकानाच्या चांदण्या लावायच्यात. चकाकणारा कचरा हाय का?" धनश्रीनं विचारलं.

आप्पाराव खूश झाले. जाळायला ठेवलेलं खोकं त्यांनी गल्ल्याखालून पायानंच पुढं सरकवलं. "न्या की. पण खाली आमचं नाव पायजे बरं का."

"तुम्हीच लिहा ना काका. तुमचं अक्षर लई झ्याक हाय," विजयसिंह म्हणाला. आप्पारावांनी खोक्यावर ठसठशीत लिहिलं, 'आप्पाराव मेडिकलकडून सप्रेम भेट', आणि खाली सहीही ठोकली.

खोक्यात टोकंच टोकं होती. आप्पारावांच्या कात्रीला एक खाच होती, त्यामुळे प्रत्येक कापावर एक दातरा उठलेला. धनश्री बजरंगच्या पट्ट्यांना एकेक टोक लावून बघत गेली. अकराव्या टोकाचा दातरा पट्टीच्या दातऱ्यात नेमका बसला. त्यावरची तारीख दोन वर्षांपूर्वी उलटून गेली होती.

सिस्टरांनी मग मुक्ताबाईंचा डबा जवळ ओढला. त्यातल्याही तीन पट्ट्यांना टोकं जुळली. तारखा तशाच शिळ्या.

"म्हणजे आबा त्याच्यामुळंच…" विजयसिंह म्हणाला.

"ते आता कुणालाच सांगता यायचं न्हाई," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी जुळलेल्या पट्ट्या टोकांसकट खोक्यात ठेवल्या आणि औषध निरीक्षकांना फोन लावला.

तिसऱ्या दिवशी औषध निरीक्षक आले. "पोरांचे खेळ हायत, साहेब," आप्पाराव म्हणाले. साहेबांनी खोकं फिरवून त्यांची सही त्यांच्यापुढे धरली. दुकानाला सील लागलं. सरपंचांनी चारचौघांत तिघांची पाठ थोपटली. मुक्ताबाईंनी नुसताच धनश्रीच्या डोक्यावर हात ठेवला आणि डबा पदराखाली घेऊन निघून गेल्या.

नाताळच्या आदल्या दिवशी बजरंग घरी आला. शब्द अजून अडखळत होते, पण नव्या गोळ्यांवर फिट आली नव्हती. आजीनं स्वतःच फोन लावायला सांगितला. "सूनबाई, मी पोरीला नाहक बोलले," ती म्हणाली. "तिनं एक बी गोळी चुकवली न्हाई. त्या मेडिकलवाल्याकडून आणत मीच व्हते, बघून घेतलं न्हाई." इतके दिवस कोरडी राहिलेली धनश्री तेव्हा हमसाहमशी रडली.

संध्याकाळी तिनं गोळी काढण्याआधी पट्टीच्या टोकावरची तारीख मोठ्यानं वाचली. आजी जवळ सरकली. तिला वाचता येत नव्हतं. पट्टी दिव्यापाशी धरून तिनं आकड्यांवर बोट ठेवलं.

"ह्यो कोंचा आकडा हाय? शिकिव मला."