कमानीखालचं पातेलं

शी! अजून आठवलं की तोंडाला पाणी सुटतं, पोरांनो, पण ओकारीचं. ती बाटली सरकवा इकडे, मग सांगतो.

आपल्या ला रोशेल गावचाच आर्मेल. माझ्या मेहुण्याचा शेजारी. त्याची दोन हॉटेलं बुडाली होती. तिसरं काढलं ते बाजारामागच्या दगडी कमानींच्या जुन्या घरात. हेही बुडालं तर चार वर्षांच्या पोरीला घेऊन माहेरी जाईन, असं बायकोने, सोलेनने, तोंडावर सांगितलं होतं.

गेल्या वर्षीची चौदा नोव्हेंबरची रात्र. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. हाडांचं सूप बघायला आर्मेल एकटाच आला. सूप फक्कड जमलं होतं. वाडगाभर प्याला, तळाशी उरलेल्यात आपल्या रीतीने लाल वाइन ओतली आणि वाडगा तोंडाला लावला. त्याचा बाप असं करायचा तेव्हा घरातले सगळे आपापले वाडगे पुढे धरायचे. गड्याला लहर आली. रिकाम्या टेबलांकडे बघून ओरडला, "या रे! कोणाकोणाला हवंय? आणा वाडगे!"

कुठे काय बोलावं याची अक्कल नको? चारशे वर्षांपूर्वी राजाच्या फौजेने आपल्या गावाला वेढा घातला, तेव्हा त्याच घरात माणसं चामड्याचे पट्टे नि जोडे उकळून खात मेली. आपल्याकडचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं हे.

गॅस बंद होता. तरी पातेल्याचं झाकण हललं...

वास आला. कुजक्या चामड्याचा. आर्मेलने झाकण काढलं. आत सरसासारखा चिकट लगदा. वर केस. आचारीच तो, चाखल्याशिवाय फेकतोय कसला? जिभेला लावलं. केस टाळूला चिकटला. भडाभडा ओकला.

मग... भुरके. टेबलाभोवती. एक. दुसरा. बरेच.

"कोण... कोण आहे?"

भुरके थांबले.

पँट सैल झाली. कमरेला हात लावला.

पट्टा नव्हता.

पँट मुठीत धरून पळाला तो थेट घरी.

सकाळी सोलेन त्याच्याबरोबर गेली. पातेलं चाटूनपुसून लख्ख. तळाशी नुसतं पितळी बकल. त्याच्याच पट्ट्याचं. चावलेलं. तिने ते उजेडात धरलं, आणि चावल्याच्या खुणांवरून बोट फिरवलं.

"काय गं?"

"दात बघ... आपल्या पोरीच्या दातांएवढे आहेत."

हॉटेल उघडलंच नाही. सोलेन माहेरी गेली, पण नवऱ्यालाही घेऊन. बकल माझ्या मेहुण्याकडे आहे. दुधाच्या दातांचे वण आहेत त्यावर. पितळेवर.