डॉक्टर उपेंद्रांची स्लाइड

पॅथॉलॉजिस्ट डॉ. उपेंद्र गर्ग्यांनी चिठ्ठी टेबलावर आपटली. तीत एवढंच होतं: ‘आता तुम्ही दिवस मोजा.’

“माझ्या फुप्फुसातल्या गाठीच्या तुकड्याची स्लाइड मीच तपासली. स्मॉल सेल कॅन्सर, झपाट्यानं पसरणारा! कुणाला सांगायच्या आधीच ही चिठ्ठी आली. उद्या पहिली केमो. कोण माझ्या मरणावर टपलंय?”

“तो बहुधा सिगारेटवाल्यांना होतो. तुम्ही ओढता?” गुप्तहेर शैला गायधनींनी विचारलं.

“आयुष्यात नाही.”

“स्लाइड दुसऱ्या कुणाला दाखवलीत?”

“नाशकात मला कोण शिकवणार?”

शैलाबाईंचे सहकारी, निवृत्त हवालदार सुनील, मनात म्हणाले, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

डॉक्टरांच्या लॅबमध्ये स्लाइड बनवणारा धनराज घामाघूम झाला होता. शैलाबाईंनी ती स्लाइड उजेडात धरली. नंबर पेनाने लिहिलेला होता.

“पेनानं? छे! तुकडा रंगवताना शाई धुऊन जाते, आम्ही पेन्सिलच वापरतो. आणि माझा रंग इतका फिका नसतो, मॅडम.” त्याने सूक्ष्मदर्शकात पाहिलं. “बाप रे, फुप्फुसात काजळी किती बसलीय!”

जुन्या स्लाइडींचं कपाट सांभाळणारी आशा मात्र शांत होती. तिचं गाव सुरगाण्याकडचं.

“डॉक्टर कसे आहेत?” शैलाबाईंनी तिला विचारलं.

“घड्याळ बघत लोकांना मरण सांगतात,” ती म्हणाली.

सुनीलना धनराजचाच संशय होता. शैलाबाईंनी आशाचं कपाट उघडायला लावलं, त्यात सापडलेल्या, पेन्सिलीने डॉक्टरांचा नंबर घातलेल्या स्लाइडचे आणि पहिल्या स्लाइडचे फोटो मुंबईच्या तज्ज्ञांना पाठवले आणि संध्याकाळी सगळ्यांना समोर बसवलं.

“शाई टिकली, म्हणजे नंबर रंगवल्यानंतर घातला. रंग उडालाय, म्हणजे स्लाइड जुनी. जुन्या स्लाइडींची किल्ली आशाकडे. आणि डॉक्टर, तुम्ही सिगारेट ओढत नाही. ही काजळी जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईची. तुमची खरी स्लाइड कपाटात होती. जुन्या टीबीचा डाग आहे, बाकी काही नाही.”

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. मग ते भडकले. “पोलिसांना बोलवा!”

“ती स्लाइड माझ्या आईची. भागीबाईची,” आशा म्हणाली. “सहा वर्षांपूर्वी तुम्ही दोन मिनिटं बघितली. घरी न्या, दिवस मोजा, म्हणालात. नेली घरी, गेली ती. मला तुम्हाला लय भ्यालेलं बघायचं होतं. उद्या केमोची सुई टोचली की सांगणार होते.”

“तेव्हाचं निदान बरोबरच होतं! परवाही मी तेच...” डॉक्टर थांबले.

“दोन्ही वेळा चुकलात,” शैलाबाई म्हणाल्या. “तुकडा काढताना पेशी चिरडल्या, म्हणून स्मॉल सेलसारख्या दिसतात. तज्ज्ञांच्या मते हा कार्सिनॉइड. दुर्मीळ, हळू वाढणारी गाठ. वेळेत कापली तर बहुतेक जण वाचतात.”

आशाला हे ठाऊक नव्हतं.

मग तिने टेबलावरचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला.

“बोलवा पोलीस. आता मलाच ते हवेत.”