दुसऱ्या मजल्यावरचा बांध

रावजी आहेर नाशिकच्या द्वारका चौकात मोजायची टेप आणायला गेला, ती वैशाखातली सकाळ अगदी साधीसुधी होती. हार्डवेअरवाल्याशी थोडी हुज्जत, उभ्याउभ्या एक चहा, आणि टेप खिशात घालून स्वारी घरी. इथपर्यंत घाबरण्यासारखं काही नाही. घाई कुणाला आहे?

टेप हवी होती गॅलरी मोजायला, आणि ती गॅलरी म्हणजे एक तमाशाच होता. अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्या सुमारास द्वारकेच्या मागे बिल्डर लोक अळंब्यांसारखे उगवत होते. त्यातल्याच एकाने ही इमारत उभी केली. दुसऱ्या मजल्यावर शेजारीशेजारी दोन घरं, आणि दोन्ही घरांना मिळून एकच लांबलचक गॅलरी. मधे भिंत घालून देतो म्हणाला आणि बिल्डर जो गेला तो गेलाच. मग दोन्ही घरांनी मिळून पत्र्याचं एक पार्टिशन करून घेतलं. पुरुषभर उंच, लोखंडी पायांवर उभं, खाली वीतभर फट. अलीकडे रावजी आणि त्याची साळूबाई. पलीकडे वत्सलाबाई, एकट्या, विधवा, आणि जीभ अशी धारेची की कांदा चिरून घ्यावा.

रावजी मूळचा देवळ्याकडचा. जन्मभर एसटी चालवली, पण रक्त शेतकऱ्याचं. आणि आपल्या शेतकऱ्याला एक विद्या शिकवावी लागत नाही, ती म्हणजे बांध कोरायची. नांगर धरला की जाता जाता शेजाऱ्याच्या बांधाची चार बोटं चाटून घ्यायची. या साली चार, पुढल्या साली चार. बांध बिचारा मुका. सरकत सरकत एक दिवस शेजाऱ्याच्या विहिरीत जाऊन पडतो. रावजीचं शेत भावांनी केव्हाच गिळलं होतं, पण हात गप्प कसे बसणार? दर दिवाळीला गॅलरी धुवायच्या निमित्ताने तो पार्टिशन चार बोटं पलीकडे ढकलायचा.

वत्सलाबाईंना कळायचं. पत्र्याआडून आवाज यायचा, “रावजीभाऊ, आज फार घासलंत. तुमच्या घासण्यात माझी फरशी झिजली.”

“नजर अधू झाली तुमची, वत्सलाबाई. चष्मा बदला.”

“चष्मा बदलीन. तुमची दानत कुठल्या दुकानात बदलून मिळते?”

स्वयंपाकघरात साळूबाई पदरात तोंड घालून हसायची. नवऱ्याला कुणी बोललं की तिला दोन घास जास्त जात.

त्या चैत्रात वत्सलाबाई दुपारच्या झोपेतच गेल्या. कुठूनसा भाचा आला, रामकुंडावर सगळं उरकलं, घराला कुलूप घालून निघून गेला. रावजीने खांदा दिला. रडलासुद्धा. पण डोळे पुसतापुसता नजर गॅलरीकडे होती, हे खोटं नाही.

आता त्याचीही अडचण ऐका. मुलगा दिनेश सातपूरला कंपनीत लागलेला, इगतपुरीची पल्लवी ठरलेली, लग्न तोंडावर. घरात खोल्या दोनच. दिनेशने सरळ सांगितलं, “नाना, आम्हाला वेगळी खोली नसेल तर मी भाड्याने घर बघतो.” एकुलता एक मुलगा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वेगळा? गावाकडचे भाऊ टाळ्या पिटतील, आणि म्हातारपणी पाणी कोण देणार? एकच उपाय होता. गॅलरी काचा लावून बंद करायची आणि तिची खोली करायची. पण आपल्या वाटणीत पलंग जेमतेम मावत होता, कपाट नाही.

म्हणून ती टेप. रावजीने मोजलं, मान डोलावली, आणि या खेपेला चार बोटं वगैरे भानगड न करता पार्टिशन ढकलत ढकलत थेट वत्सलाबाईंच्या दारापर्यंत नेऊन टेकवलं.

“अहो, त्या माऊलीचे अजून वर्षाचे विधी व्हायचेत,” साळूबाई म्हणाली.

“मग वर्षाला परत सरकवू,” रावजी म्हणाला आणि स्वतःच हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून तो लवंडला होता. वैशाखातली दुपार नाशिकला कशी असते ते ठाऊकच आहे. कावळासुद्धा पंख पसरून सावलीत पडतो. तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला. खर्र… थोडं थांबून पुन्हा, खर्र… शहाबादी फरशीवर लोखंड ओढल्यासारखा. उठून पाहतो तो पार्टिशन पहिल्या जागी, मधोमध.

रावजी तणतणत खाली गेला. गेटवर बुधा वॉचमन विडी ओढत बसला होता, पेठ तालुक्याकडचा, कमी बोलणारा.

“बुधा, वर कोण आलं होतं?”

“कोनी नाय, नाना.”

“मग पार्टिशन काय वाऱ्याने सरकलं?”

बुधाने वर पाहिलं. झाडाचं पान हलत नव्हतं. “दुपारचा मी तुमच्या मजल्यावर येत नाय,” एवढंच बोलून त्याने विडी विझवली.

रावजीने पुन्हा ढकललं. दुसऱ्या दुपारी ते मधोमध नव्हतं, अलीकडे आलं होतं, रावजीच्या बाजूला. बरोबर चार बोटं. आता शहाण्या माणसाने इथंच हात जोडले असते. पण बांध म्हटला की शेतकरी माणूस बापाचं ऐकत नाही, तिथे मेलेल्या बाईचं काय ऐकणार? त्याने पार्टिशन पुन्हा तिकडच्या टोकाला नेलं, पायांना पाटा-वरवंटा टेकवला, आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून राखणीला बसला. उजव्या हाताला कठडा, डाव्या हाताला भिंत, समोर पत्रा.

“या म्हणावं आता,” तो पुटपुटला.

ऊन पांढरं झालं. खालच्या हमरस्त्यावरचे ट्रक हळूहळू लांब गेल्यासारखे वाटू लागले. मग वास आला. मिश्री भाजल्याचा. तवा चुलीवर ठेवून कुणीतरी तंबाखू जाळत होतं, मंद, कडवट. त्या मजल्यावर मिश्री लावणारं एकच माणूस होतं, आणि ते चैत्रातच गेलं होतं. रावजीने उठायचं ठरवलं. पापण्या मात्र उठल्या नाहीत.

जाग आली तेव्हा समोर पत्राच होता. पाटा-वरवंटा नव्हता. हात खुर्चीवरून खाली घसरला आणि कठड्याला लागला. डावा हात.

रावजीने डाव्या हाताकडे पाहिलं. कठडा डावीकडे. भिंत उजवीकडे. मान वळवली तर मागे वत्सलाबाईंचं दार, आतून कडी घातलेलं, उंबऱ्यावर धूळ.

“साळू…” त्याने पत्र्यावर थाप मारली. “अगं साळू…”

पत्र्यापलीकडे बांगड्या वाजल्या. “कोण आहे?”

“मी आहे. पार्टिशन सरकव.”

मग साळूबाई, परक्या पुरुषाशी बोलावं तशी, पदर सावरल्यासारखी बोलली. “आमचे हे झोपलेत. उठले की बोला त्यांच्याशी.”

“अगं, हे म्हणजे मीच…”

बांगड्या आत निघून गेल्या. आणि मग घरातून घोरणं ऐकू आलं. डिझेलची गाडी घाट चढावी तसं, मधेच अडकणारं, मग सुटणारं. रावजीने ते स्वतः कधी ऐकलं नव्हतं. स्वतःचं घोरणं कोण ऐकतं? पण साळूबाई त्याची जी नक्कल करायची, ती हुबेहूब होती.

त्याने कठड्यावरून वाकून हाका मारल्या. बुधाने मान वर केली. रावजीकडे नाही, पत्र्यापलीकडच्या गॅलरीकडे. “काय नाना, झाली झोप?”

“झाली रे बाबा,” पलीकडून उत्तर आलं. आवाज रावजीचा.

रावजी फरशीवर पालथा पडला आणि पत्र्याखालच्या फटीतून पाहू लागला. दोन पावलं उभी होती. डाव्या अंगठ्याचं नख काळं, जुन्या काळी जॅक पडून मेलेलं. रावजीने आपलं पाऊल पाहिलं. नख इथंही काळंच.

दिवस कलला. दिनेश कामावरून आला, त्याचे बूट ओळखीचे वाजले. पल्लवीचा बाप खोली बघायला यायचा होता म्हणून पोरगा उत्साहात होता.

“नाना, पलंग बसला बघा. कपाटाचं मात्र दार उघडत नाही.”

“मग अजून सरकवू.”

“तिकडे कुणी काही म्हणणार नाही ना?”

“तिकडं कोण बसलंय?”

“दिनेश…” रावजी ओरडला, म्हणजे त्याला वाटलं ओरडला. “दिनेश, लेका, मी इकडं आहे…”

मुलगा दाराच्या मापाबद्दल काहीतरी बोलत राहिला. खूश होता. वेगळ्या घराची गोष्ट आता तो काढणार नव्हता. सून इथेच नांदणार होती, नातवंडं याच फरशीवर रांगणार होती. रावजीला जे जे हवं होतं ते सगळं पत्र्यापलीकडे ठाकठीक चाललं होतं.

खर्र…

त्याने खांदा लावला. पाय फरशीवर रोवले. पलीकडच्याचा जोर त्याच्याइतकाच होता, ना तसूभर कमी, ना जास्त. पण पलीकडे दिनेशनेही हात लावला, आणि तरण्या पोराच्या जोरापुढे म्हाताऱ्याचं काय चालणार? चार बोटं गेली. मग आणखी चार. खुर्ची कलंडली. पाठ त्या धुळीच्या दाराला टेकली, तिथून तो कोपऱ्याकडे सरकला, आणि पत्रा छातीशी आला.

“बस, बस. एवढं पुरे आता,” पलीकडे दिनेश म्हणाला.

पलीकडचे दिवे लागले, साळूबाईने चहासाठी दोघांना आत बोलावलं, आणि अलीकडे पत्र्याची सावली पसरली. जागा उरली होती ती एका माणसाला उकिडवं बसण्यापुरती. रावजी तसाच भिंतीला घसटत खाली बसायला लागला. मिश्रीचा वास अगदी जवळ होता.

कोपऱ्यातल्या अंधारात कुणीतरी, त्याला बसता यावं म्हणून, आपले पाय जवळ ओढून घेतले.