सत्त्याऐंशीवी गोगलगाय

उसांबाराच्या डोंगरात चहाचे मळे संपतात तिथे थोडंसं रान उरलं होतं. तेही तोडून चहा लावायचा घाट घातला होता. त्यात गोगलगाईंच्या किती जाती नांदतात हे दहा दिवसांत दाखवलं, तरच ते वाचणार होतं. त्या कामावर शहरातून नामकुंडा नावाची तरुणी आली होती. वाटाड्या होते गावातले शेकिलिंदी बाबा. साठी उलटलेली, पण जीभ विशीतली.

"गोगलगाई मोजायला पगार देतात?" बाबांनी पहिल्याच सकाळी विचारलं. "मग माझ्या बायकोला बोलव. चाळीस वर्षं एक सांभाळतेय."

नामकुंडा खळखळून हसली आणि कामाला लागली. ओला पाचोळा चाळणीत हलवून तिळाएवढ्या शंखी वेचायच्या, बिनशंखाच्या गोगलगाई सालीखाली शोधायच्या. मोठ्या सापडल्या की शंख जिथून वाढत जातो त्या तोंडाशी, अगदी कडेला, पांढऱ्या रंगाने आकडा घालून सोडून द्यायच्या.

"एवढं कौतुक कशाला यांचं?"

"यांनी पाचोळा खाल्ला नाही तर रान पानांखाली गुदमरेल, बाबा. आणि यांच्या शंखातला चुना पोटात गेला नाही तर पाखरांची अंडी पापडासारखी फुटतील."

"मग खाऊ देत बिचाऱ्या."

चौथ्या दिवशी तिने शहाऐंशी आकडा घातला, वहीत टिपला. बाबांनी पुढचा ओंडका उलटला. खाली मोठी तपकिरी गोगलगाय होती. शंखावर सत्त्याऐंशी.

"बाबा, चेष्टा पुरे झाली."

"मला लिहिता येत असतं तर गावचा मुखिया झालो असतो, पोरी."

साताच्या पोटात आडवी रेघ होती. नामकुंडा सात तसाच काढायची.

ती गोगलगाय तिने उजेडात धरली. रंग पिवळट पडून तडकला होता. आणि आकडा तोंडाशी नव्हताच. त्याच्यापुढे शंख दीड वेढा वाढला होता. तेवढं वाढायला एखादं वर्ष सहज लागतं. आणि नामकुंडा तर या रानात पहिल्यांदाच आली होती.

पुढच्या झाडाच्या बुंध्यावर अठ्ठ्याऐंशी भेटली.

मग एक कोरी. नामकुंडाने मुद्दाम तिच्यावर एकशे चाळीस आकडा घातला.

दगडापलीकडे एकशे एक्केचाळीस निघाली. आकड्यावर शेवाळ चढलं होतं.

बाबा हसले नाहीत. "रंग ठेव आत," एवढंच म्हणाले.

तिने डबी बंद केली. उरलेले दिवस नुसत्या जाती मोजल्या. एकसष्ट भरल्या. रान वाचलं, आणि गावाने केळी-भाताचं जेवण घालून तिला नाचायला लावलं.

वर्षाने, भर दुपारी, बाबांचा फोन आला. आवाज आनंदाने फुटत होता.

"पाखरं बघ गं किती आलीत! पाचोळ्यात पाय ठेवायला जागा नाही, इतक्या गोगलगाई. पण तुझ्यावर मी रुसलोय."

"का हो, बाबा?"

"काल रानात आलीस, आणि घरी चहालासुद्धा आली नाहीस? ओंडक्यापाशी बसून रंगवत होतीस. हाक मारली तर वळून हसलीस, आणि पुन्हा आपली कामाला."

नामकुंडा शहरातल्या कचेरीत बसली होती. महिनाभर ती शहराबाहेर पडली नव्हती.

"आणि एक विचारू, पोरी?" बाबांचा आवाज जरा हळवा झाला. "एका वर्षात सगळे केस कसे पिकले गं तुझे?"