बारा अंशांची टाकी

"थांबा!"

एवढंच ऐकलं, आणि कुणीतरी माझं मनगट धरून हात सरळ बर्फगार पाण्यात बुडवला. कोपरापर्यंत! मी किंचाळलेच.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"आधी हात गार करा, मग मासा धरा. तुमच्या कोरड्या, गरम हातांनी त्याची कातडी भाजते." त्याचे स्वतःचे हात केव्हाच पाण्यात होते. "ट्राउट आहे ही, मांजर नाही कुरवाळायला."

पाच वर्षं ट्राउटच्या जनुकांवर डोळे फोडले होते मी, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लाज वाटली. आणि मला लाज वाटली की राग येतो. मनातल्या मनात मी त्याचं नाव टाकीवाला ठेवलं. त्या मत्स्यबीज केंद्रातल्या टाक्या, झऱ्याचं पाणी, नर्सरीतली पिल्लं, सगळं तोच सांभाळायचा. तो मला डॉक्टरीणबाई म्हणायचा... डॉक्टरेट अजून हातात नसताना!

ती मिळणार होती याच हंगामावर. माझ्या तीन टाक्या होत्या. एकीत बारा अंशांचं पाणी, दुसरीत सोळा, तिसरीत वीस. पाणी तापलं की या माशांच्या पेशींतली काही जनुकं खडबडून जागी होतात आणि जीव वाचवायच्या कामाला लागतात. ती किती जागी झाली, ते मला मोजायचं होतं. म्हणून दर आठवड्याला दुपारी तीन वाजता कल्ल्याचे बारीक तुकडे काढून गोठवायचे. बारा अंशांची टाकी मात्र शांतच राहायला हवी, कारण बाकी दोघींची तुलना तिच्याशी. ती बिघडली तर सगळंच मुसळ केरात.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं विचारलं, "बारा ते एक काय करता?"

"टाकीपाशी बसते."

"मासे कंटाळलेत तुमचं तोंड बघून. चला, चहा घेऊ."

मग रोजच बाहेरच्या बाकावर, पोचे पडलेल्या थर्मासातला चहा. त्याची बोटं गार पाण्यानं कायम लाल असायची. दोन्ही हातांत कप धरून तो माझ्याकडे बघायचा, आणि मी... मी त्या बोटांकडे. पुढे पुढे तो जमिनीकडे बघत चहा प्यायला लागला. मला वाटलं, लाजतोय. कित्ती छान वाटलं होतं मला!

हंगामाच्या शेवटी प्रयोगशाळेतून आकडे आले. बारा अंशांच्या टाकीतल्या माशांची जनुकं उष्णतेनं हैराण झाल्याचं सांगत होती. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर मी स्वतः बघितला होता, रोज बारा! कागद घेऊन मी धावतच त्याच्याकडे गेले.

तो खोटं बोलला नाही.

"उन्हाळा चढला, झरा आटला. नर्सरीतली पिल्लं उलटी होऊन तरंगायला लागली. म्हणून रोज बारा ते एक तुमच्या त्या टाकीचं पाणी तिकडे वळवत होतो. वाटलं, तासभर पाणी थोडं तापलं तर काय बिघडतंय..."

"आणि तेवढा वेळ मला चहाला बसवत होतात!"

"तसं नाही हो—"

"मग कसं?"

"पिल्लं निम्मीच वाचली," तो हळूच म्हणाला. मी तशीच मागे फिरले.

खोलीवर येऊन पोटभर रडले. आईचा फोन आला, "ये निघून. झालं गेलं विसर." माझ्या मार्गदर्शक मॅडमना मात्र मी घडलं तसं सगळं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं: हंगाम गेला, लपवलं नाहीस, बरं केलंस. रोज तासभर तापलेले मासे पुढची उष्णता जास्त सोसतात का, हे नव्यानं बघायचं असेल तर अजून एक वर्ष लागेल. तुझं तू ठरव.

खरं सांगते, वर्षाचं मला एवढं काही वाटलं नाही. सलत होता तो चहा. तो सगळा मला टाकीपासून लांब ठेवण्यासाठीच होता?

रडून झाल्यावर आकडे पुन्हा समोर घेतले, यावेळी आठवड्यांप्रमाणे लावून. पहिला शांत. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवाही शांत. सहाव्यापासून रेघ एकदम वर! मी नोंदवही काढली. टाकीपासून उठले की लिहायची माझी शिस्त. 'बारा ते एक, चहा.' दुसऱ्या आठवड्यापासून. म्हणजे चार आठवडे नुसताच चहा होता. त्या माशांनी सगळं जपून ठेवलं होतं, त्याची चूकही आणि ते चार निव्वळ चहाचे आठवडेही.

सकाळी तो नर्सरीत होता. डोळे सुजलेले, माझ्यासारखेच.

"दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यातला चहा कशासाठी होता?"

"तेव्हा झऱ्याला भरपूर पाणी होतं..."

"पाण्याचं नाही विचारलं मी."

"तुमच्यासाठी," तो म्हणाला. "नंतरचाही तुमच्यासाठीच. पण नंतर तुमच्या नजरेला नजर देता येत नव्हती."

"मला सांगायला हवं होतंस."

"हो. चुकलो मी. तुमचं वर्ष घालवलं."

"पुढच्या वर्षी माझ्या टाकीच्या व्हॉल्व्हला हात लावायच्या आधी मला विचारायचं. कळलं?"

"पुढच्या वर्षी? म्हणजे... राहतेयस तू?"

मी मान हलवली. त्यानं माझ्या दिशेनं हात पुढे केला, मध्येच थबकला, आणि सवयीनं वाकून दोन्ही हात टाकीत बुडवले.

"अरे, मी काय मासा आहे?"

तो कसानुसा हसला. ओल्या हातांचं काय करावं, ते त्याला कळेना. मग मीच ते धरले. बर्फासारखे गार होते, पण मी सोडले नाहीत.